जॅकचे काळे कपडे आणि सेसिलीची डायरी

ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ (१८९५) या नाटकातला उपरोध फक्त चटपटीत वाक्यांत आहे, असं एक मत आहे; मला ते पटलं नाही. सर्वांत धारदार उपरोध रचनेत आहे. दुसऱ्या अंकात जॅकचा मित्र अल्जरनॉन जॅकचा भाऊ ‘अर्नेस्ट’ बनून, जॅकच्या पालकत्वाखाली असलेल्या सेसिलीबरोबर घरात जातो आणि थोड्याच वेळात बागेच्या मागच्या बाजूने जॅक येतो. काळे कपडे, काळे हातमोजे, हॅटला काळी फीत. कशासाठी, तर आपला (मुळात नसलेला) भाऊ अर्नेस्ट पॅरिसमध्ये वारला हे सांगायला! तो तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला सगळं कळलेलं असतं.

प्रयोग नेमका इथेच बिघडतो. नट घाईने येतो, नाहीतर शोकाचं सोंग करतो. सावकाश यावं, दुःख खरं वाटावं. कपडे पाहूनच हशा येतो. तो ओसरू द्यावा, मगच पहिलं वाक्य.

सेसिलीची डायरीही तशीच. अर्नेस्ट भेटण्याआधीच तिने १४ फेब्रुवारीला त्याच्याशी लग्न ठरवलंय आणि २२ मार्चला मोडलंयसुद्धा. नटीने या तारखा लाडात येऊन म्हणू नयेत. सरळ, नोंद वाचल्यासारख्या म्हटल्या, की मागणी घालायला आलेला अल्जरनॉन किती उशिरा पोचलाय ते दिसतं.