मुशी, मोरी आणि शार्क

एका लेखाचा अनुवाद करताना अडले आहे. पाण्यात पोहतो तो 'शार्क', पण खाण्याचा विषय निघाला की 'मुशी' किंवा 'मोरी' लिहावंसं वाटतं. मुशी ही शार्कची एखादी जात आहे का?

— एक जात नव्हे. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. मुशी, मोरी हे बोलीतले शब्द, बहुतेकदा लहान शार्कसाठी, आणि त्यांत अनेक जाती खपून जातात. मूळ लेखात जात दिली असेल तर तेच नाव ठेवा. (नुसतं 'मोरी' लिहिलंत तर निम्म्या वाचकांना न्हाणीघर आठवेल.)

— तरी मुशी म्हणणाऱ्याला आपण काय खातोय हे ठाऊक असतं. बाहेर तेही नाही. ऑस्ट्रेलियात शार्क 'फ्लेक' होतो, ब्रिटनमध्ये 'रॉक सॅमन'. सॅमनशी त्याचा काडीचा संबंध नाही. मला सगळ्यांत आवडतं ते जर्मन 'शिलरलॉकन', म्हणजे कवी शिलरच्या कुरळ्या बटा! धुरी दिल्यावर पोटाकडच्या पट्ट्या वळतात, म्हणून. मासा असतो स्पायनी डॉगफिश, म्हणजे एक लहान शार्क. त्याची मादी जवळजवळ दोन वर्षं गाभण असते. अशा माशाची भरमसाट मासेमारी झाली की काय होतं ते ईशान्य अटलांटिकमध्ये दिसलं: त्याची संख्या कोसळली.

आभारी आहे, मुशी ठेवते. आणि 'फिनिंग'ला काय म्हणावं? 'पर छाटणे'?

— 'पर', म्हणजे माशाचे पोहण्याचे पंख, हा शब्द चांगला. शास्त्रीय पुस्तकांत 'पक्ष' असतो, पण तो वाचून लोक थेट निवडणुकीत पोचतील. मात्र नुसत्या छाटण्याने अर्थ पुरा होत नाही. सुपासाठी जाणारे पर महाग, मांस त्या मानाने स्वस्त. म्हणून बोटीवरच पर कापून उरलेला मासा समुद्रात टाकतात, ते फिनिंग. अख्खा शार्क किनाऱ्यावर आणून मग पर विकले तर ते फिनिंग नव्हे.

— हा भेद अनुवादात सांभाळाच. फिनिंगविरुद्ध कायदे वाढले, तरी मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या 2012 ते 2019 या काळात सुमारे 7.6 कोटींवरून 8 कोटींवर गेली, असा अंदाज आहे. टाकून देता येत नाही म्हटल्यावर मांसालाही गिऱ्हाईक मिळालं, हे त्यामागचं एक कारण. तुमच्या लेखात 'फिनिंगबंदी' आणि 'शार्कच्या मासेमारीवर बंदी' अदलाबदलीने आलंय का, पाहा.

पाहिलं. दोन ठिकाणी आलंय, आणि दुसऱ्या ठिकाणची चूक माझीच आहे. 'पर कापून धड समुद्रात टाकणे' असंच लिहिते. लांबलं तरी चालेल.