वायरने जोडलेल्या संगणकाचा वेग ९४ एमबीपीएसवरच का अडतो?

गोदाकाठ (प्रश्न)

इंदिरानगरमधील आमच्या घरी ३०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. फायबर दिवाणखान्यात सेवादाराने बसवलेल्या ओएनयू पेटीत (फायबरमधला प्रकाशसंकेत साध्या नेटवर्क वायरसाठी बदलणाऱ्या यंत्रात) येते, तिथून एक छोटी वायर मी स्वतः विकत घेतलेल्या राउटरला जाते आणि राउटरपासून भिंतीतल्या पाइपातून ओढलेली केबल आतल्या खोलीतील संगणकापर्यंत पोहोचते. या संगणकावर चाचणी केव्हाही घेतली, तरी डाउनलोड ९३-९४च्या पुढे सरकत नाही आणि अपलोडही तिथेच थांबते. मोबाइलवर मात्र वायफायने २८० पर्यंत वेग मिळतो. सेवादाराच्या माणसाने मोबाइलवरच चाचणी घेतली, लाइन व्यवस्थित असल्याचे सांगितले आणि तक्रार बंद केली. वायरमनचे म्हणणे असे की भिंतीतली केबल बदलावी लागेल. पण पाइप मध्येच दबलेला असल्याने त्यासाठी प्लास्टर फोडणे आले. तो खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे कसे ठरवावे?

पंचवटीकर

९४ हा आकडाच बरेच काही सांगतो. लाइनवर ताण असता, तर वेग सकाळी एक आणि रात्री दुसरा दिसला असता. तो दिवसभर एकाच जागी आणि तोही दोन्ही दिशांनी थांबत असेल, तर मार्गातला कुठला तरी दुवा १०० एमबीपीएसवर चालतो आहे, असे समजावे. वायरवरून जाणाऱ्या प्रत्येक पूर्ण चौकटीत (फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या एका गठ्ठ्यात) १५३८ बाइट्सची जागा खर्च होते आणि त्यांतली जास्तीत जास्त १४६० बाइट्स आपल्या कामाच्या माहितीची असतात. म्हणून १०० चा दुवा चाचणीत ९४-९५ दाखवतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर दुव्याचा वेग लिहिलेला असतो. तो १०० आहे की १०००, एवढे आधी पाहून सांगावे.

तांब्याची तार

वायरमनचा संशय निराधार नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला केबलमधील चारपैकी दोनच जोड्या पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा; गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) मात्र चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्हीकडची उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात, दिवे लागलेले राहतात, इंटरनेट चालू राहते आणि कोणालाच काही बिघडल्यासारखे वाटत नाही. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलही सर्रास मिळतात. त्यांच्या तारा क्रिंप करताना (कनेक्टर दाबून बसवताना) चटकन तुटतात.

तरीही भिंत फोडण्याची घाई करू नये. केबल खराब असल्याची खात्री झाली, तरी आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे बसवावेत; बहुतेक वेळा दोष टोकांशीच असतो, पाइपाच्या आत क्वचित. रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर पूर्ण विसंबू नये, कारण तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे एवढेच तो सांगतो. दोन्ही टोकांना क्रम सारखाच, पण एका जोडीतल्या तारा दोन वेगळ्या जोड्यांत विभागल्या गेल्या असतील (स्प्लिट पेअर), तर ते त्याला कळत नाही.

संगणकातील नेटवर्क कार्डाचा वेग हाताने ठरवून देण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. एका बाजूने १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी माहिती) पक्के केले आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर दुसरी बाजू हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरून चालते आणि आहे तो वेगही पार कोसळतो.

सातपूरचा सेवानिवृत्त

केबलची माहिती अचूक आहे. मात्र चर्चा भिंतीकडे फार लवकर वळली, असे मला वाटते. मोबाइलला २८० मिळतात, म्हणून राउटरपर्यंत सर्व ठीक आहे, असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. ते तेव्हाच खरे, जेव्हा मोबाइल राउटरच्या वायफायवर असेल. ओएनयू पेटीचे अनेकदा स्वतःचेही वायफाय असते आणि मोबाइल पूर्वीपासून त्यालाच जोडलेला असेल, तर त्या चाचणीने राउटरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिवाय काही ओएनयूंवर चार पोर्ट दिसत असले, तरी गिगाबिटचा त्यांपैकी एकच असतो आणि उरलेले १०० चे असतात.

मोबाइल राउटरच्या वायफायवर, शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर, आणून राउटरजवळ उभे राहून पुन्हा चाचणी घ्यावी. तिथेही ९४ आले, तर दोष राउटरच्या अलीकडे म्हणजे ओएनयूच्या बाजूला आहे. २८० आले, तर राउटरच्या पलीकडे, केबलमध्ये किंवा राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या जागेत) आहे. वायरमनला बोलावण्यापूर्वी एवढे तरी व्हायला हवे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. संगणकावर दुव्याचा वेग १०००/१००० दिसतो, त्यामुळे भिंतीतली केबल निर्दोष ठरली. मोबाइल खरोखरच ओएनयूच्या वायफायवर होता; राउटरच्या वायफायवर आणल्यावर तोही ९४ वर अडकला. राउटरच्या स्थिती-पानावर वॅन पोर्टसमोर (ओएनयूकडून येणारी वायर जिथे लागते त्या पोर्टसमोर) १०० असे लिहिलेले होते. बसवणाऱ्याने ओएनयूच्या तिसऱ्या पोर्टमध्ये खोचलेली वायर मी पहिल्या पोर्टमध्ये लावली, तेव्हा तिथे १००० दिसू लागले आणि संगणकावर २१० च्या आसपास वेग आला. वायरमनला सध्या थांबवले आहे. पण २१० च का? ओएनयू आणि राउटर दोघेही नॅट (घरातल्या सर्व उपकरणांचे पत्ते एकाच बाहेरच्या पत्त्यामागे लपवणे) करतात, हे तर कारण नसेल?

सातपूरचा सेवानिवृत्त

दुहेरी नॅटचा त्रास ऑनलाइन खेळ, घरचे कॅमेरे बाहेरून पाहणे अशा कामांत होतो. वेगावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या वापराला प्राधान्य द्यायचे ते ठरवणारी सोय), पालक-नियंत्रण किंवा कोणी किती डेटा वापरला याची नोंद यांपैकी काही चालू आहे का, ते पाहावे. अशा सोयी चालू असताना अनेक राउटरांतील नॅटची हार्डवेअर-व्यवस्था बाजूला पडते, प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातून जाते आणि साधा प्रोसेसर दोनशेच्या आसपासच थकतो. त्या बंद करून राउटर पुन्हा सुरू करावा आणि बाकी सर्व उपकरणे थांबवून वायरवर चाचणी घ्यावी. तरीही फरक पडला नाही, तर संगणक काही मिनिटे थेट ओएनयूच्या पहिल्या पोर्टला जोडून पाहावा. तिथे पूर्ण वेग मिळाला, तर तक्रार सेवादाराकडे नेण्यासारखी उरत नाही, राउटरच बदलावा लागेल.