घाना: जूनमधील पावसात किनाऱ्याचा प्रवास करावा का?

प्रश्न (पाऊलवाट)

नमस्कार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून बारा दिवस घानाला जावे, असा विचार आहे. अक्रा येथे उतरायचे, केप कोस्ट व एल्मिना येथील किल्ले आणि काकुमच्या जंगलातील झुलते पूल पाहायचे, आणि दिवस उरले तर उत्तरेकडील मोले अभयारण्यापर्यंत जायचे, असा बेत आहे. सोबत पत्नी आणि माझी 66 वर्षांची आई असेल. जून हा तेथे ऐन पावसाचा महिना आहे हे तिकिटांची चौकशी केल्यावर कळले. हा पाऊस नेमका कसा असतो, त्यात रस्त्याने फिरणे जमते का, आणि बेत पुढे ढकलायचा झाल्यास तो कोणत्या महिन्यात न्यावा, याविषयी तेथे राहिलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (खाडीकाठ)

मी अक्रामध्ये चार वर्षे नोकरीनिमित्त होतो. घानाच्या दक्षिण भागात पावसाळा एक नसून दोन असतात. मोठा पावसाळा साधारण एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत असतो आणि त्यात जून सर्वांत ओला. धाकटा सप्टेंबर ते नोव्हेंबर. या दोहोंच्या मधला ऑगस्ट किनाऱ्यावर बराचसा कोरडा, ढगाळ आणि वर्षातला सर्वांत थंड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि त्याच सुमारास किनाऱ्यालगत समुद्रातील खोलवरचे थंड पाणी वर येते, म्हणून ही उघडीप पडते. उत्तरेत मात्र मे ते ऑक्टोबर असा एकच पावसाळा असून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो ऐन भरात असतो. त्यामुळे किनारा आणि मोले या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी कोरडे हवामान हवे असेल, तर डिसेंबरनंतरच जावे लागते. पण तेव्हा सहाराकडून येणाऱ्या हरमटन वाऱ्याची धूळ आकाश झाकून टाकते, हेही लक्षात घ्यावे.

एकाच किनाऱ्यावरही मोठा फरक आहे. अक्रा येथे वर्षभरात जेमतेम 750 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेकडे सुमारे 300 किलोमीटरवरील अक्सिम येथे तो 2,000 मिलिमीटरच्या पुढे जातो. तेथील किनारा नैऋत्य वाऱ्याला सामोरा आहे, अक्राचा किनारा त्याच वाऱ्याला जवळजवळ समांतर. मात्र अक्राचा पाऊस कमी म्हणून निर्धास्त राहू नका. तो थोड्या तासांत कोसळतो आणि ओडाव नदीकाठचे सखल भाग पाण्याखाली जातात. 3 जून 2015 च्या रात्री क्वामे एन्क्रुमा चौकाजवळ पुरापासून बचावासाठी लोक एका पेट्रोल पंपावर थांबले होते. तेथे स्फोट झाला आणि त्या एका आपत्तीत दीडशेहून अधिक माणसे गेली. जूनमध्ये गेलात तर मुक्काम उंच भागात घ्या आणि आभाळ भरून आले की शहरात गाडी काढू नका.

प्रतिसाद (चंद्रकोर)

पावसाआधी लसीचा विचार करा. घानात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरले जाते आणि 2016 पासून एकच मात्रा आयुष्यभर पुरते. परतताना ते नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आपल्या आईंच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांची शक्यता, दुर्मीळ असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. मलेरिया तर तेथे बारमाही आणि देशभर आहे. तो टाळण्यासाठी क्लोरोक्विन या जुन्या औषधाचा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिबंधक औषध दिल्यास ते परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावे लागते. लोक नेमके तेच घरी आल्यावर सोडून देतात.

प्रतिसाद (गलबत)

मी जूनमध्येच गेलो होतो आणि त्याचा पश्चात्ताप नाही, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला. किल्ल्यांचा बराचसा भाग छताखालचा आहे. गुलामांना कोंडण्याच्या त्या अंधाऱ्या कोठड्या पाहताना बाहेर पाऊस आहे की ऊन, याचे भान मला तरी राहिले नाही. काकुमची गोष्ट वेगळी. तेथील सात झुलते पूल मिळून सुमारे 350 मीटर लांब असून काही ठिकाणी जमिनीपासून 40 मीटर उंच आहेत. विजा चमकू लागल्यामुळे आम्हाला खाली दीड तास थांबावे लागले, आणि नंतर चढताना मातीची वाट निसरडी झाली होती. आपल्या आईंचे गुडघे कसे आहेत, हे पाहूनच ठरवा.

मोले मात्र या वेळी सोडून द्या. पावसात पाणी सर्वत्र उपलब्ध असल्याने हत्ती पाणवठ्यांकडे फिरकत नाहीत आणि गवत इतके वाढते की समोरचा प्राणीही दिसत नाही. समुद्रात पोहण्याचा विचार असेल, तर तेथील ओढ कोणत्याही ऋतूत धोकादायक आहे.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. ऑगस्टच्या उघडिपीविषयी मला काहीच कल्पना नव्हती. आईला लस द्यायची की नाही हे डॉक्टर सांगतील, त्यानंतरच तिकिटे काढू. मोले वगळले, तर ऑगस्टच्या अखेरीस जावे की मध्यास?

प्रतिसाद (खाडीकाठ)

अखेरीस जा, आणि परतीचे विमान सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारनंतरचे घ्या. त्या दिवशी केप कोस्ट येथे फेतू आफाह्ये हा उत्सव असतो. मात्र त्या आठवड्यातील खोल्या आत्ताच ठरवून ठेवा.