२० वर्षांनी तरी अमेरिकन मुलींचं मेडल येणार का? (मिलान ऑलिंपिक, फेब्रुवारी २०२६, फिगर स्केटिंग)

मानसी_पुणे

नमस्कार मंडळी, इथे फिगर स्केटिंग बघणारे किती जण आहेत माहीत नाही पण आता राहवत नाहीये म्हणून लिहितेय. मी १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून बघते. सातवीत होते. मिशेल क्वान शॉर्टनंतर (पहिल्या, छोट्या प्रोग्रामनंतर) पुढे होती आणि तारा लिपिन्स्कीने फ्रीमध्ये (दुसऱ्या, मोठ्या प्रोग्राममध्ये) तिला मागे टाकलं तेव्हा मी क्वानसाठी हमसून रडले होते, आई म्हणाली अगं ती तुझी कोण लागते. कोणीच नाही, पण जीव जडला तो जडलाच.

तेव्हा अमेरिकन मुलींचं मेडल धरूनच चालायचं हो. ९२ ला क्रिस्टी यामागुची, ९८ ला तारा, २००२ ला सारा ह्यूज. मग २००६ तोरिनो. साशा कोहेन शॉर्टनंतर एक नंबरला, आणि फ्री सुरू होते न होते तोच लुट्झ नावाच्या उडीवर पडली, पुढच्या फ्लिप उडीला बर्फावर हात टेकले, आणि त्यानंतर उरलेला सगळा प्रोग्राम असा केला की सिल्व्हर मिळालं. ते शेवटचं. त्यानंतर मुलींच्या सिंगल्समध्ये ऑलिंपिक मेडल नाही म्हणजे नाहीच. २०१० ला मिराई नागासू चौथी, १४ ला ग्रेसी गोल्ड चौथी, १८ ला तर तिघी ओळीने नववी दहावी अकरावी, २२ ला अलिसा लिऊ सहावी.

आता परत इटलीच. जानेवारी २०२६ मध्ये नॅशनल्स (अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा) झाल्या, अँबर ग्लेन सलग तिसऱ्यांदा जिंकली (क्वाननंतर हे कोणाला जमलं नव्हतं), अलिसा दुसरी, इसाबो लेविटो तिसरी, या तिघी मिलानला चालल्यात. तर माझा प्रश्न असा की इतकी वर्षं घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं? आणि आता खरंच काही बदललंय की रशियन टीमवर बंदी आहे म्हणून आपल्याला तसं वाटतंय?

निनाद_ठाणे

मानसी, छान प्रश्न. माझ्या मते अर्धं उत्तर मार्कांच्या पद्धतीत आहे. २००२ ला सॉल्ट लेकला पेअर्सच्या जजिंगचा घोटाळा झाला त्यानंतर ती जुनी ६.० ची (सहापैकी मार्कांची) पद्धत गेली आणि प्रत्येक उडीचे, प्रत्येक स्पिनचे वेगळे मार्क सुरू झाले. जुन्या पद्धतीत एकूण छाप महत्त्वाची होती, स्टार असणं महत्त्वाचं होतं, आणि त्यात अमेरिकन मुली वाकबगार होत्या. नव्या पद्धतीत टेक्निकल पॅनल रिप्ले लावून बघतं की उडी पाव फेरीने तरी कमी पडली का.

व्हँकुव्हर २०१० ची रेचल फ्लॅट आठवते? टीव्हीवर बघताना कुठेच चूक दिसली नाही, लोक टाळ्या वाजवतायत, ती हसतेय, आणि मार्क आले तर चेहराच उतरला. दोन ट्रिपल फ्लिप डाउनग्रेड. तेव्हाचा नियम असा की डाउनग्रेड झालं की ट्रिपलला डबलचेच मार्क, म्हणजे तीन फेऱ्यांची मेहनत करून हातात दोनाचे पैसे. ती सातवी आली. मला तेव्हा फार लागलं होतं ते, कारण पोरीने तिच्या हातात होतं ते सगळं केलं होतं.

आणि त्या वर्षी अमेरिकेकडे मुली पाठवायला जागाच दोन होत्या. आदल्या वर्षीच्या वर्ल्ड्समध्ये (जागतिक स्पर्धेत) देशाच्या पहिल्या दोघींच्या नंबरांची बेरीज १३ किंवा कमी आली तरच तीन जागा मिळतात. २००९ ला लॉस एंजेलिसमध्ये फ्लॅट पाचवी, अलिसा सिझनी अकरावी, बेरीज १६. घरच्या मैदानावर तिसरी जागा हुकली. एकदा असं घसरलं की पुढच्यांना मोठ्या स्पर्धांचा अनुभवच कमी मिळतो.

रशियाचं म्हणशील तर खरं आहे, २०१४, १८, २२ तिन्ही गोल्ड त्यांचे. पण ते आले नसते तर अमेरिकेला मिळालं असतं हे मला पटत नाही, मध्ये जपान कोरिया होतेच की.

सईचीआई

मी न्यू जर्सीत असते, माझी मुलगी सात वर्षं स्केटिंग करतेय म्हणून थोडं आतून सांगते. स्पर्धांमधलं मला निनादइतकं कळत नाही, पण रिंकवर काय चालतं ते रोज बघते.

पहाटे साडेपाचला आइस मिळतो. शाळेआधी. मी कॉफी घेऊन बाकावर, आतमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, आणि समोर आठ-दहा मुली एकच उडी परत परत मारतायत. सईला सिंगल अ‍ॅक्सल यायला सव्वा वर्ष लागलं. सिंगल! सगळ्या उड्या मागे तोंड करून घेतात, अ‍ॅक्सल एकटी पुढे तोंड करून घ्यायची आणि उतरायचं मात्र मागे, म्हणून अर्धी फेरी जास्त. त्या सव्वा वर्षात तिच्या उजव्या कमरेवरचा डाग कधी पूर्ण गेलाच नाही, निळा व्हायचा, पिवळा व्हायचा, परत निळा. म्हणून अँबर ट्रिपल अ‍ॅक्सल मारते, साडेतीन फेऱ्या, तेही २६ व्या वर्षी, तेव्हा मला नुसतं बघूनच भरून येतं.

आणि खर्च. आइसचे पैसे वेगळे, कोचचे वेगळे, बूट वेगळे, त्याखालचं ब्लेड वेगळं घ्यावं लागतं, धार लावायची, पोरीचा पाय वाढला की परत सगळं नवीन. इथे हा सगळा भार आईबापांवर. त्यामुळे कितीतरी चांगल्या मुली बारा-तेराव्या वर्षी गळतात.

पण मला खरं बोलायचंय ते वयाबद्दल. अलिसा लिऊ १३ व्या वर्षी नॅशनल चँपियन झाली, आजवरची सगळ्यात लहान, १४ व्या वर्षी परत झाली. सगळ्या देशाने तिच्या डोक्यावर ओझं ठेवलं, हीच आता मेडल आणणार. १६ व्या वर्षी ऑलिंपिक केलं, लगेच वर्ल्ड्सला ब्राँझ आणलं आणि सांगितलं बास. सोडूनच दिलं. कॉलेजला गेली, मैत्रिणींबरोबर एव्हरेस्ट बेस कँपला जाऊन आली, सामान्य मुलीसारखी जगली. मग एकदा स्कीइंगला गेली आणि तो वेग अंगावर आल्यावर तिला बर्फाची आठवण झाली, म्हणून सहज रिंकवर गेली. परत आली ती स्वतःच्या अटींवर, म्युझिक मी ठरवणार, ड्रेस मी ठरवणार, किती प्रॅक्टिस करायची ते मी ठरवणार.

ग्रेसी गोल्डने पण नंतर उघडपणे सांगितलंय की तिला ईटिंग डिसऑर्डर आणि डिप्रेशन होतं. आपण फक्त नंबर बघत होतो, त्या पोरी आतून झिजत होत्या. माझ्या मते घोडं इथे पेंड खात होतं मानसीताई. मुलींना मोठं होऊच देत नव्हते. आता सीनिअरचं वय १७ केलंय ते फार बरं झालं.

पराग_बॉस्टन

सईची आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी मार्च २०२५ च्या वर्ल्ड्सला इथे बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियममध्ये होतो. जायच्या आधी मन लागत नव्हतं कारण जानेवारीत ते विमान पडलं होतं वॉशिंग्टनजवळ, विचिटाहून नॅशनल्सनंतरच्या ट्रेनिंग कँपवरून परत येणारी मुलं होती त्यात, त्यांचे आईवडील, कोच. स्केटिंगशी संबंधित २८ माणसं गेली आणि त्यातली सहा आमच्या इथल्या बॉस्टनच्या क्लबची. दोन मुलं, दोघांच्या आया, दोन कोच. १९६१ ला सुद्धा असंच झालं होतं, ब्रसेल्सला विमान पडून अमेरिकेची अख्खी टीम गेली, १८ स्केटर. तेव्हा शून्यापासून उभं करावं लागलं आणि सात वर्षांनी पेगी फ्लेमिंगने गोल्ड आणलं, तिचा स्वतःचा कोच त्या विमानात होता.

तर अलिसा फ्रीला उतरली. सोनेरी ड्रेस, डॉना समरचं गाणं, केसांमध्ये ते गोल गोल पट्टे. टेन्शन आम्हाला होतं, तिला नव्हतंच. शेवटच्या काही सेकंदांत आजूबाजूचं कोणी बसलेलं नव्हतं, माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या त्यांनी माझा हात धरला तो धरूनच ठेवला, ओळख ना पाळख. किमी माइसनर २००६ ला वर्ल्ड चँपियन झाली त्यानंतर पहिल्यांदा अमेरिकन मुलगी जिंकली. आणि नुसती तीच नाही, इसाबो चौथी, अँबर शॉर्टमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सलवर पडून सुद्धा पाचवी. पहिल्या पाचात तिघी! १९९१ ला म्युनिकला यामागुची, हार्डिंग, केरिगन पहिल्या तिघी आल्या होत्या, त्यानंतर इतकी ताकद मी तरी बघितली नाही.

त्यामुळे रशियन नाहीत म्हणून असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

अवधूत_एन

परागदा, भावना समजतात पण मी थोडं वेगळं बोलतो. रशियाची अदेलिया पेट्रोस्यान न्यूट्रल म्हणून (देशाच्या नावाशिवाय) येतेच आहे, क्वाड (चार फेऱ्यांची उडी) मारू शकते, म्हणजे मैदान अगदी मोकळं नाही. पण खरी भीती जपानची आहे. काओरी साकामोतोने २०२२, २३, २४ सलग तीन वर्ल्ड्स जिंकल्यात, हा तिचा शेवटचा सीझन आहे, आणि ती उडी मारते तेव्हा जो वेग आणि लांबी असते ती दुसऱ्या कोणाकडे नाही. आमी नाकाई १७ वर्षांची, तिच्याकडे ट्रिपल अ‍ॅक्सल आहे. मोने चिबा आहे. डिसेंबरमध्ये नागोयाला ग्रां प्री मालिकेची फायनल झाली त्यात अलिसा पहिली, नाकाई दुसरी, साकामोतो तिसरी, म्हणजे फरक उन्नीस-बीसचा.

अँबरची मला काळजी वाटते. शॉर्टमध्ये अ‍ॅक्सल सोडून जी एकेरी ट्रिपल उडी असते तिच्या जागी डबल झालं की त्या उडीचे सरळ शून्य मिळतात, आणि वर्ल्ड्सला शॉर्टच तिला नडलाय. तिने शॉर्ट नीट केला तर मग फ्रीमध्ये तिला अडवणं कठीण. माझा अंदाज: अलिसाला मेडल नक्की, रंग सांगत नाही.

निनाद_ठाणे

अवधूत, इसाबोला विसरू नकोस. २०२४ ला माँट्रियलला सिल्व्हर आहे तिच्याकडे. उड्या छोट्या आहेत, पॅनलने त्या बारकाईने बघितल्या तर मार्क जातात, पण तिचे हात आणि स्पिन बघत राहावं असं आहे.

मानसी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके वाचणारे निघतील असं वाटलं नव्हतं. सईची आई, तुम्ही लिहिलेलं वाचून मी ग्रेसीचा सोचीचा (२०१४ ऑलिंपिकचा) व्हिडिओ परत लावला आणि तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले, १८ वर्षांची होती फक्त. त्यावेळी ती चौथी आली म्हणून मी तिच्यावर चिडले होते.

निनाद, इसाबोची आई मूळची मिलानची आहे, आजी अजून तिथेच राहते. आजीच्या गावात ऑलिंपिक खेळणार पोरगी.

टीम इव्हेंट ६ फेब्रुवारीपासून आहे, मुलींचा शॉर्ट १७ ला आणि फ्री १९ ला, आपल्याकडे रात्री उशिरा. १९ ला मी ऑफिसला दुसऱ्या दिवशीची सुट्टी टाकलीये. आईला पण सांगितलंय, ती म्हणाली मला पण उठव.