नीशापूरमधला 'पूर' कोणता?

प्रश्न : इराणमधल्या नीशापूर, बिशापूर या नावांतला 'पूर' आणि आपल्या सोलापूर-कोल्हापुरातला 'पूर' एकच ना?

उत्तर : कानाला तसंच वाटतं, पण नाही. फोड 'नीशा-पूर' अशी नाही, 'नी-शापूर' अशी आहे. शापूर हे इस्लामपूर्व इराणवर राज्य करणाऱ्या सासानी घराण्यातल्या राजांचं नाव, जुनं रूप 'शाहपुह्र', म्हणजे राजाचा मुलगा. हा 'पुह्र' आपल्या 'पुत्र'चा सख्खा भाऊ. मुंबईच्या पारशांमधलं शापूरजी हे नाव त्याच घरातलं. 'नी' मुळात 'नेव', म्हणजे चांगला, शूर. थोडक्यात, गावाच्या नावात गाव कुठेच नाही, नुसता राजा आहे.

या राजांची ती रीतच होती. पहिल्या शापूरने तिसऱ्या शतकात रोमनांचं अंतियोक (आजच्या तुर्कस्तानातलं नगर) जिंकलं, तिथली माणसं धरून आणली आणि नैर्ऋत्य इराणमधल्या खुजिस्तानात वसवली. त्या नव्या नगराचं नाव ठेवलं 'वेह-अंदियोक-शापूर' : अंतियोकाहून सरस, शापूरचं. पुढे जुंदीशापूर म्हणून ओळखलं गेलं ते हेच. नंतर 540 साली पहिला खुस्रो या सासानी राजानेही अंतियोक लुटलं, तिथल्या लोकांना आपली राजधानी तेसिफोनजवळ आणून बसवलं आणि त्या वस्तीला 'वेह-अंतियोक-खुस्रो' म्हटलं. ज्यांचं गाव हिरावून घेतलं, त्यांच्याच नव्या पत्त्यात 'त्याहून सरस' असं लिहायचं! मला हे नाव वाचताना दर वेळी त्या माणसांचं वाईट वाटतं.

प्रश्न : या 'वेह'चं मराठीत काही उरलंय का?

उत्तर : उरलंय, आणि चांगलं ठसठशीत. 'वेह'चं फारसीत 'बेह' झालं, त्याला 'तर' लागून 'बेहतर', आणि तेच आपलं 'बेहत्तर'. गंमत अशी की 'वेह'मध्येच 'अधिक चांगलं' हा अर्थ होता, त्यावर 'तर' पुन्हा चढला. मराठीत आल्यावर त्याची छटाही पालटली. 'प्राण गेले तरी बेहत्तर' म्हणताना आपण तुलना करत नाही, 'गेले तर जाऊ देत, मागे हटणार नाही' असं म्हणतो.

प्रश्न : पण नगराला तेव्हाही 'शहर'च म्हणत असतील?

उत्तर : नाही. पहलवीत, म्हणजे सासानी काळातल्या फारसीत, 'शहर' म्हणजे राज्य, संस्कृत 'क्षत्र'चं भावंड. नगराला 'शहरिस्तान' म्हणत. कोणतं नगर कोणी वसवलं हे सांगणारा एक छोटा पहलवी ग्रंथ आहे, त्याच्या नावातच दोन्ही शब्द शेजारी बसलेत : 'शहरिस्तानिहा ई एरानशहर', इराणी राज्यातली नगरं.