भारत-तिबेट सीमा पोलीस दल लष्कराच्या हुकमतीखाली असावे का?

अक्षांश

लडाखमधील काराकोरम खिंडीपासून अरुणाचल प्रदेशातील जाचेप लापर्यंतच्या ३,४८८ किलोमीटर सीमेवर भारत-तिबेट सीमा पोलीस दल, म्हणजे आयटीबीपी, पहारा देते. हे दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि त्याच सीमेवर तैनात असलेले लष्कर संरक्षण मंत्रालयाच्या. माझे म्हणणे असे की, जिथे सीमाच निश्चित झालेली नाही तिथे या दलाच्या तैनातीचा आणि गस्तीचा हुकूम लष्कराकडून यावा. भरती, पगार, बढती हे सारे गृह मंत्रालयाने खुशाल आपल्याकडे ठेवावे.

ही मागणी आजची नव्हे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले १० पोलीस मारले गेले आणि त्यानंतर तेथील सीमा लष्कराकडे सोपवण्यात आली. कारगिलनंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये दोन शिफारसी केल्या: एका सीमेवर एकच दल असावे, आणि वादग्रस्त सीमांची जबाबदारी लष्कराची असावी. पहिली शिफारस सरकारने मनावर घेतली. २००४ मध्ये सिक्कीम आणि अरुणाचलात आसाम रायफल्सच्या जागी आयटीबीपी आली. दुसरी मात्र अर्धीच अमलात आली. पाकिस्तानलगतच्या नियंत्रण रेषेवर सीमा सुरक्षा दल लष्कराच्या हुकमतीखाली काम करते, चीनलगत तसा नियम नाही. तो का नाही, याचे पटण्याजोगे उत्तर कोणाकडे असल्यास वाचायला आवडेल.

सप्तपर्णी

१९५९ चा दाखला दिलात, पण त्यापुढची तीन वर्षे सोडून दिलीत. सीमा लष्कराकडे गेल्यानंतरच चौक्या पुढे सरकवण्याचे धोरण आले, आणि १९६२ मध्ये त्या एकाकी चौक्यांची काय गत झाली हे सर्वश्रुत आहे. ते युद्ध चालू असतानाच, २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कायद्याखाली चार बटालियन उभारून या दलाची स्थापना झाली. डोंगर पायाखालून गेलेली, बातमी काढणारी आणि वेळ पडल्यास गनिमी काव्याने लढणारी माणसे त्या वेळी हवी होती. (या दलाला स्वतःचा कायदा मिळायला १९९२ साल उजाडले, ही आपल्या राज्यकारभाराची नेहमीचीच गती.)

शिवाय पोलीस असण्यातच एक राजनैतिक सोय आहे. उत्तराखंडातील बाराहोतीचे कुरण पाहा. १९५४ चा पंचशील करार होऊन काही महिने झाले नाहीत तोच चीनने तेथील भारतीय उपस्थितीला हरकत घेतली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तेथे आपले जवान वर्षानुवर्षे साध्या कपड्यांत, बिनहत्यारी गस्त घालत आले. दोन्ही देशांच्या गस्ती समोरासमोर आल्या की काय करायचे, हेही ठरलेले असते: हा आमचा प्रदेश आहे, परत जा, अशा आशयाचा लांबलचक फलक दोघांनी धरून उलगडायचा, अंतर राखून उभे राहायचे आणि समोरची तुकडी वळेपर्यंत जागा सोडायची नाही. मसुरीतील दलाच्या अकादमीत जवानांना चिनी भाषा शिकवतात ती याचसाठी. असल्या प्रसंगी शब्दाने शब्द वाढू न देणारा माणूस लागतो, आणि ती तालीम पोलिसाला जास्त मिळालेली असते.

दख्खनी

फलक लष्कराचे जवानही धरतात, सप्तपर्णी. संयम गणवेशामुळे येत नाही. चीनलगतच्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही, हे १९९६ च्या करारात लिहिले आहे आणि ते दोघांनाही सारखेच लागू आहे. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये लष्कराच्या २० जणांना वीरमरण आले, तेव्हाही बंदुका चालल्या नव्हत्या. त्या मे-जूनमधील झटापटींसाठी आयटीबीपीच्या २० जणांना २०२१ मध्ये पोलीस शौर्यपदके मिळाली. खांद्याला खांदा लावून लढायचे आणि हुकूम मात्र दोन मंत्रालयांचे ऐकायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

वैनगंगा

अक्षांश यांच्या ‘का नाही’चे उत्तर सीमेवर नाही, ते दिल्लीत आहे. गृह मंत्रालयाला हाताशी राखीव मनुष्यबळ हवे असते. २००९ पासून या दलाच्या तुकड्या छत्तीसगडमध्ये नक्षलविरोधी कामावर आहेत. आमच्या गडचिरोलीला लागून असलेल्या राजनांदगावातही त्या होत्या. निवडणुका आल्या की बंदोबस्तासाठी कंपन्या मागवल्या जातात. करोनाच्या काळात वुहानहून आणलेल्यांचे विलगीकरण दिल्लीतील छावलाच्या तळावर झाले, आणि दिल्लीतल्याच छत्तरपूरचे १०,००० खाटांचे कोविड केंद्रही याच दलाने चालवले. ७ फेब्रुवारी २०२१ च्या चमोली दुर्घटनेत तपोवनच्या बोगद्यातून १२ कामगारांना जिवंत बाहेर काढणारेही हेच. या शेवटच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, डोंगरात तेच सर्वांत जवळ होते. परंतु १८,००० फुटांवर राहण्याची सवय झालेला जवान मतदान केंद्राच्या दारात उभा करणे ही उधळपट्टी आहे. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सात नव्या बटालियन आणि ९,४०० पदे मंजूर केली. ती सीमेवरच राहतील याची हमी आधी मागा, हुकमतीचे नंतर पाहू.

अक्षांश

माझाही मुद्दा तोच आहे. लष्कराच्या हुकमतीखालची बटालियन निवडणुकीसाठी सहजासहजी उचलता येणार नाही. चीनलगतच्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर असतील तेवढ्याच बटालियन लष्कराला जोडाव्यात, बाकीच्या गृह मंत्रालयाने हव्या तिथे पाठवाव्यात.

सप्तपर्णी

म्हणजे एकाच दलाचे दोन तुकडे, आणि जवान दर दोन-तीन वर्षांनी या तुकड्यातून त्या तुकड्यात. आसाम रायफल्समध्ये प्रशासन गृह मंत्रालयाचे आणि हुकमत लष्कराची अशी विभागणी आहेच, आणि त्या दुहेरी नियंत्रणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. इकडे आयटीबीपीसह सर्व केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे अधिकारी आपल्याच दलात वरच्या जागा मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षे झगडत होते. प्रतिनियुक्तीवर येणाऱ्या आयपीएस अधिकाऱ्यांचे प्रमाण दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. घरचा अधिकारी आणि आयपीएस यांच्यातले हे भांडण पुरते निस्तरले नसताना आपण त्यांच्यावर लष्कराचा तिसरा साहेब बसवू पाहत आहात. एकत्र नकाशा, एकत्र संदेशवहन आणि गस्तीचे एकच वेळापत्रक एवढे दोन्ही मंत्रालयांनी मिळून केले, तर हुकमत न बदलताही आपली बहुतेक तक्रार मिटेल.

दख्खनी

आणि दोघांचे पटले नाही तर चौकीवरच्या हवालदाराने कोणाचे ऐकायचे, तेही सांगा.