अलाबामा शेक्सचा दुसरा अल्बम: धार वाढली की बोथट झाली?

खरखरप्रेमी:
काल रात्री भांडी घासताना अलाबामा शेक्स या अमेरिकन रॉक बँडचे पहिले दोन अल्बम पाठोपाठ ऐकले आणि जुनं दुखणं उपटलं. २०१२चा 'बॉइज अँड गर्ल्स' कसा, तर चार जण गॅरेजमध्ये वाजवतायत आणि शटर अर्धं वर आहे, असा. अलाबामातल्या अथेन्स या छोट्या गावची मंडळी. गायिका ब्रिटनी हॉवर्ड तोवर टपाल खात्यात नोकरी करत होती. आवाजात घाम होता. मग २०१५ साली आला 'साउंड अँड कलर', आणि सुरुवातीलाच व्हायब्राफोनची, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची टुणटुण! सोल-फंक संगीत ऐकायला आलोय की लिफ्टमध्ये उभा आहे? माझ्या मते घासूनपुसून गुळगुळीत केलेला अल्बम. हाणा मला.

तिसरीघंटा:
हाणतेच. पुढचं गाणं, 'डोन्ट वॉना फाइट', ऐकलंत का? ठेका बसतो न बसतो तोच ब्रिटनी तोंड उघडते, आणि शब्द नाहीच, नुसती चिरकी किंकाळी. गंजलेली बिजागरी करकरावी तशी. भांडून भांडून थकलेल्या माणसाचं गाणं आहे ते, गळा असाच निघणार. याला गुळगुळीत म्हणत असाल तर तुमच्याकडे खरखरीत काय असतं, काथ्या?

खरखरप्रेमी:
ते एक गाणं दिलं तुम्हाला. पण 'जेमिनी'? साडेसहा मिनिटं होडी नुसती डुलतेय, धक्क्याला काही लागत नाही. आणि या अल्बमला २०१६मध्ये ध्वनिमुद्रणाचंही ग्रॅमी मिळालं. रॉकवाल्यांचं कौतुक मुद्रणासाठी, म्हणजे मी म्हणतो तेच झालं की!

बासवाला:
असहमत. चांगलं मुद्रण म्हणजे इस्त्री नव्हे हो. 'गिमी ऑल युअर लव्ह' घ्या. कडवं जवळजवळ कानात कुजबुजल्यासारखं, आणि मग एकदम भडका. हळू भाग खरोखर हळू ठेवलाय म्हणून तो भडका भाजतो. पुढे तर लयच बदलते, गाणं उठून नाचायला लागतं. पहिल्या अल्बमवर माझंही प्रेम आहे, पण तिथे सगळे सतत जोरात. निम्म्यानंतर गाणी एकमेकांत मिसळतात. निर्माता ब्लेक मिल्सला बरोबर घेऊन यांनी मोकळी जागा सोडायला शिकून घेतलं. बँडमधल्या झॅक कॉकरेलची बास गिटार त्यामुळेच तर ऐकू येते. (आयडीवरून माझा स्वार्थ कळला असेलच.)

तिसरीघंटा:
+१. आणि 'द ग्रेटेस्ट'बद्दल कोणी बोलतच नाही! चक्क पंक रॉकसारखं धावतं ते. गॅरेज हवं होतं ना, घ्या गॅरेज.

खरखरप्रेमी:
'गिमी ऑल युअर लव्ह' आत्ता परत लावलं. लय बदलते त्या जागेला काटा आला, खोटं कशाला बोलू. व्हायब्राफोन मात्र अजूनही नाही म्हणजे नाही.

बासवाला:
काल ऐकलंत कशावर?

खरखरप्रेमी:
मोबाइलच्या स्पीकरवर. नळ चालू होता.

बासवाला:
😐